घेणारा एकच असला म्हणजे



आज आपल्याला बाजाराविषयी बोलायचे आहे. पण भाजीपाल्याच्या नव्हे, माणसाच्या श्रमाच्या बाजाराविषयी. श्रमाचा बाजार कुठे भरतो, असे कोणी विचारील. त्याला ओटे नाहीत, तराजू नाही, दवंडी नाही. तरी तो रोज सकाळी भरतो. खाणीच्या फाटकापाशी भरतो, कारखान्याच्या दारात भरतो, आणि ज्या घरात बाई मांडीवर सूप घेऊन बिड्या वळते त्या घराच्या ओसरीवरही भरतो.

आधी एक साधी गोष्ट घ्या. समजा, तुम्ही बैल विकायला बाजारात नेला. तिथे दहा गिऱ्हाईक आहेत. एकाने भाव पाडून मागितला, तर तुम्ही दोर हातात धरून पुढे चालू लागता. त्याला ठाऊक असते की पुढे दुसरा उभा आहे. म्हणून तो मागून हाक मारतो, चार पैसे वाढवतो. आता असे समजा की त्या बाजारात घेणारा एकच आहे. त्याला घाई नाही. तो म्हणतो, “घ्यायचं असन तर घ्या, नाही तर ऱ्हाऊ द्या.” संध्याकाळ होत आली, बैलाला चारा नाही, घरी पैशाची निकड आहे. अशा वेळी भाव कोण ठरवील? बैल तोच, त्याची ताकद तीच. पण घेणारा एकच असल्यामुळे किंमत निम्म्यावर येते.

श्रमाचेही असेच आहे, आणि एका बाबतीत श्रमाची गोष्ट बैलापेक्षा वाईट आहे. न विकलेला बैल निदान पुढच्या बाजारी नेता येतो. आजचा न विकलेला दिवस उद्या विकता येत नाही. सूर्य मावळला की तो गेला. म्हणून मजूर थांबू शकत नाही आणि मालक थांबू शकतो. सगळी गोम इथे आहे.

अर्थशास्त्रात याला एक नाव आहे. विकणारा एकच असला म्हणजे मक्तेदारी, हे आपण जाणतो. घेणारा एकच असला म्हणजे जे होते त्याला इंग्लंडमधील विदुषी जोन रॉबिन्सन यांनी १९३३ साली आपल्या ग्रंथात ‘मोनॉप्सनी’ असे नाव दिले. आपण त्याला ‘एकग्राहकी’ म्हणू. शब्द नवा असला तरी अनुभव जुना आहे. अ‍ॅडम स्मिथने १७७६ सालीच लिहून ठेवले होते की मजुरांच्या एकजुटीचा गवगवा सगळीकडे होतो. मालकांची एकजूट मात्र अबोलपणे नेहमीच चालू असते, म्हणून तिची चर्चा होत नाही. म्हणजे घेणारा खरोखरच एक असावा लागत नाही. पाच घेणाऱ्यांनी आपसांत एकच भाव धरला, तरी मजुराच्या दृष्टीने तो एकच झाला.

आता आपल्या कन्हानकडे येऊ.

कन्हान नदीच्या एका अंगाला कामठीची छावणी, दुसऱ्या अंगाला कन्हान गाव. हावड्याकडे जाणारा लोहमार्ग इथून जातो, आणि रामटेकचा फाटा इथूनच फुटतो. आजूबाजूला जमिनीखाली कोळसा आहे. गोंडेगाव, इंदर, कामठी या खाणींची नावे इथल्या पोराटोरांना पाठ आहेत. रामटेकच्या वाटेवर मनसर आणि कांद्रीला मँगनीज आहे. आणि नदीच्या दोन्ही अंगांना, कामठीपासून भंडारा-गोंदियापर्यंत, बिडीचा धंदा आहे. तीन धंदे, आणि तिन्हींत एक सारखेपणा: विकणारे हात पुष्कळ, घेणारे थोडे. तरीही या तिन्हींत कामगाराची स्थिती सारखी झाली नाही. का झाली नाही, हेच आजच्या भाषणाचे सार आहे.

बिडीपासून सुरुवात करू, कारण तिथे हा प्रकार उघड दिसतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी जबलपूर, गोंदिया, भंडारा, कामठी या पट्ट्यात बिडीचा धंदा वाढला. तेंदूचे जंगल जवळ, रेल्वे जवळ, आणि पोटासाठी काम शोधणारे हात घरोघर. या धंद्याला मोठे यंत्र लागत नाही. पान कापायला पत्र्याचा फर्मा आणि कात्री, मांडीवर सूप, थोडी तंबाखू, दोरा. त्यामुळे मालकाला कारखान्याची मोठी इमारतही लागत नाही. कामगाराचे घर हाच त्याचा कारखाना. मधे उभा असतो सट्टेदार. तो मालकाकडून पान-तंबाखू आणतो, घरोघर वाटतो, वळलेल्या बिड्या गोळा करतो आणि मालकाला पोचवतो. मजुरी हजार बिड्यांवर ठरते.

वरवर पाहता हा चोख व्यवहार वाटतो: इतक्या बिड्या, इतके पैसे. पण हिशेब तिथे संपत नाही. बिड्या मोजून देताना सट्टेदार काही बाजूला काढतो आणि म्हणतो, “ह्या छाटल्या.” छाट म्हणजे नापास झालेला माल. त्याची मजुरी मिळत नाही. आणि पुष्कळदा ती छाट परतही मिळत नाही. दुसरी गोष्ट पानाची. दिलेल्या पानांत फाटकी, किडकी, वाळलेली पाने असतात. त्यांतून हजार बिड्या पुऱ्या होत नाहीत. कमी पडलेले पान बाईने पदरच्या पैशाने विकत आणायचे.

शिक्षकांनी वर्गात हे गणित जरूर घालावे. समजा, हजार बिड्यांची मजुरी २०० रुपये ठरली. शंभर बिड्या छाटीत गेल्या. म्हणजे २० रुपये गेले. पानाला आणखी १५ रुपये पदरचे घातले. हातात आले १६५. कागदावर दर २०० आहे. कोणी तपासायला आला तर त्याला २०० दाखवता येतील. दर न उतरवता मजुरी उतरवण्याची ही युक्ती आहे. हे आकडे मी समजण्यासाठी घेतले आहेत. पण रीत मात्र खरी आहे आणि जुनी आहे.

आता खरा प्रश्न विचारू. ती बाई दुसऱ्या सट्टेदाराकडे का जात नाही? याची उत्तरे एकेक करून पाहा. गावात दुसरा सट्टेदार नाही. असला तर तोही त्याच मालकाचा. त्याचा मालक निराळा असला तर दर तोच. घरी तान्हे मूल, म्हातारी सासू. शहरात कामाला जायचे तर जायला-यायला वेळ आणि गाडीभाडे. आणि लग्नकार्यासाठी सट्टेदाराकडून घेतलेली उचल अजून फिटलेली नाही. बोलावे तर “उद्यापासून पान भेटनार नाही” एवढेच एक वाक्य पुरते. बाजूला बसून पाहणाऱ्याला वाटते, बाई राजीखुशीने काम करते आहे. राजीखुशी म्हणायची केव्हा? नाही म्हणायची सोय असते तेव्हा.

या गोष्टीला कायद्याचीही एक बाजू आहे, आणि ती आपल्या नागपूर प्रांतात घडलेली आहे. कामगार म्हटला की सुटी, कामाचे तास, भरपाई हे हक्क आले. म्हणून भांडण या एकाच प्रश्नावर येऊन ठेपले की बिडी वळणारा माणूस कामगार आहे की नाही. १९५८ साली चिंतामणराव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की सट्टेदार हा कारखान्याचा कामगार नव्हे, तो स्वतंत्र ठेकेदार आहे. नागपूरच्या एका बिडी कारखान्यातील कामगारांचा खटला १९६१ च्या निकालांत आहे. ते लोक कारखान्यात येऊन बिड्या वळत. येण्याजाण्याची त्यांना बरीच मोकळीक होती, मजुरी नगावर होती. तरी मालाचा कस मालक तपासतो, नापास करतो, म्हणून ते कामगारच, असे न्यायालयाने ठरवले आणि त्यांचा रजेचा हक्क मान्य केला. पुढच्याच वर्षीच्या निकालांत महाराष्ट्रातलाच दुसरा एक बिडी खटला आहे, आणि त्यात बहुमताने उलट ठरले. काम तेच, बोटे तीच. एक कामगार ठरला, दुसरा ठरला नाही.

हा घोळ मिटवण्यासाठी संसदेने १९६६ साली बिडी व सिगार कामगारांचा स्वतंत्र कायदा केला. त्यात एक महत्त्वाची गोष्ट होती. घरी पान-तंबाखू नेऊन बिड्या वळणारी बाईही कामगार धरली, आणि मधे सट्टेदार असला तरी ज्याच्यासाठी माल तयार होतो तो मूळ मालक जबाबदार धरला. मालकांनी त्याला आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली कायदा उचलून धरला. १९७६ साली बिडी कामगार कल्याण निधीचा कायदा झाला. १९७७ पासून भविष्य निर्वाह निधीची योजना या धंद्याला लागू झाली, आणि घरी काम करणाऱ्यांनाही ती लागू आहे, हे न्यायालयाने १९८५ साली मान्य केले. १९६६ चा तो कायदा आता स्वतंत्र राहिलेला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या आणि तो त्यांत सामावला गेला. नाव बदलले, पण प्रश्न तोच आहे: मधल्या माणसाच्या आड उभ्या असलेल्या मालकाला ओळखायचे की नाही?

इथे शेतकरी श्रोत्यांना एक गोष्ट सांगितली पाहिजे, ती थोडी बोचेल. १९४८ साली मध्यप्रांत व वऱ्हाड सरकारने एक कायदा केला होता. पेरणी-कापणीच्या हंगामात काही गावांतील लोकांनी बिड्या वळू नयेत, असा हुकूम काढण्याची त्यात सोय होती. हेतू हा की शेतीला मजूर कमी पडू नयेत. सागर जिल्ह्यात तसा हुकूम निघाला. ८ नोव्हेंबर १९५० रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा घटनाबाह्य ठरवला. त्या हुकमाने शेतीवर कधीच न जाणारे म्हातारे आणि अपंगही अडत होते, आणि कामाचा एक मार्ग सरसकट बंद होत होता. याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. बिडीचा सट्टेदार मजुरी पाडतो, हे खरे. पण शेतमजुराला बिडीचे काम होते म्हणूनच शेतमालकाला त्याला बरी मजुरी देणे भाग पडत होते. ते काम बंद झाले असते तर शेतमालक एकटा घेणारा उरला असता. म्हणून श्रोतेहो, कापूस विकायला जातो तेव्हा आपण विकणारे असतो, आणि निंदणाला बाया बोलावतो तेव्हा आपणच घेणारे असतो. दोन्ही वेळी न्यायाचे माप एकच ठेवता आले पाहिजे.

आता एक गणित सांगतो. ते कळले की हा विषय निम्मा कळला. पुष्कळ लोक म्हणतात, मजुरी वाढवली की मालक माणसे कमी करतो. हे कधी खरे असते, कधी नसते. पाहा.

समजा, एका गावात एकच मालक आहे. त्याच्याकडे दहा मजूर रोज ३०० रुपयांवर येतात. अकरावा माणूस थोडा लांब राहतो; तो म्हणतो, ३२० दिले तर येईन. अकरावा आला तर मालकाला रोज ४०० रुपयांचे जास्त काम मिळणार. मग ३२० देऊन ४०० चे काम मिळत असताना मालक त्याला का घेत नाही? कारण अकराव्याला ३२० दिले की आधीचे दहा म्हणणार, आम्हालाही ३२० द्या. आधी दहांचे ३००० होत होते. आता अकरांचे ३५२० होतील. म्हणजे एक माणूस वाढवायला मालकाला ५२० रुपये पडले, आणि काम मिळाले ४०० चे. म्हणून तो अकराव्याला घेत नाही. अकरावा घरी बसतो, दहांना ३०० च मिळतात, आणि गावाचे ४०० रुपयांचे काम रोज बुडते.

आता सरकारने नियम केला की ३२० पेक्षा कमी कोणालाच द्यायचे नाही. दहांचे ३२०० झाले, अकरांचे ३५२०. आता अकरावा माणूस मालकाला ३२० लाच पडतो आणि काम ४०० चे करतो. मालक त्याला घेतो. मजुरी वाढली आणि कामही वाढले! पण हेही लक्षात ठेवा की किमान मजुरी ४०० च्या वर नेली तर मात्र अकराव्याला काम मिळणार नाही. औषधाची मात्रा असते, तशी ही मात्रा आहे. अमेरिकेत न्यू जर्सी राज्याने १९९२ साली किमान मजुरी वाढवली तेव्हा डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर यांनी तिथल्या खानावळींचा अभ्यास केला. माणसे कमी झाल्याचे त्यांना आढळले नाही. त्यावर पंडितांत पुष्कळ वाद झाला, अजून होतो. पण कार्ड यांना २०२१ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या पहिल्या यादीतच बिडीचा धंदा होता, हे इथे आठवावे.

मात्र किमान मजुरीत एक छिद्र आहे. एका राज्याने ती वाढवली आणि शेजारच्याने नाही, तर बिडीचा धंदा पाय लावून पळतो. त्याला यंत्र उचलून न्यायचे नसते, नुसती पान-तंबाखूची पोती दुसरीकडे न्यायची असतात. केरळात कन्नूरकडे असेच झाले. १९६६ चा कायदा तिथे लागू होण्याची वेळ आली तेव्हा मोठ्या मालकांनी आपले काम तिथून काढून घेतले आणि हजारो लोक रिकामे झाले. त्या लोकांनी १९६९ साली सरकारच्या मदतीने सहकारी संस्था उभी केली, ‘केरळ दिनेश बिडी’. घेणारा निघून गेला तेव्हा त्यांनी स्वतःच घेणारा तयार केला. पुढे बिडीचा खप घटू लागला तेव्हा त्या संस्थेने खाद्यपदार्थ, छत्र्या, कपडे असे दुसरे उद्योग काढले.

पण सहकाराचा हा विचार केरळाच्या कितीतरी आधी आपल्या नदीकाठी झाला होता. कामठीचे बाबू हरदास, म्हणजे हरदास लक्ष्मणराव नगराळे, यांनी १९२५ साली बिडी कामगारांचे काम सहकारी पायावर सुरू केले. कामठी, नागपूर, रामटेक, भंडारा इथे ते पसरले. दलित समाजातील बिडी मजुरांची मधल्या माणसांकडून होणारी नाडणूक थांबावी, हा त्यामागचा हेतू. त्यांनी कामठीत रात्रीच्या शाळा काढल्या, मुलांच्या आणि मुलींच्याही; संत चोखामेळ्याच्या नावाने वाचनालय काढले. १९३७ साली ते प्रांतिक विधिमंडळावर निवडून गेले. ‘जय भीम’ हे अभिवादन रूढ करणारे म्हणून त्यांचे नाव आज सर्वत्र घेतात. १२ जानेवारी १९३९ रोजी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, क्षयाने त्यांचे निधन झाले. कन्हान नदीच्या काठी त्यांची समाधी आहे आणि स्मृतिदिनाला तिथे लोक जमतात. शिक्षकांनी मुलांना तिथे न्यावे आणि सांगावे की या माणसाने सहकारी काम आणि रात्रीची शाळा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी का काढल्या. ज्याला हजारापर्यंत मोजता येत नाही, त्याची छाट जास्त निघते. ज्याला वाचता येत नाही, त्याच्या उचलीचा आकडा कधी फिटत नाही.

आता खाणींकडे वळू. मँगनीजचा धंदा पूर्वी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर या इंग्रजी कंपनीच्या हाती होता. १९६२ साली सरकारशी करार होऊन ‘मॉइल’ ही कंपनी निघाली. तिचे ५१ टक्के भांडवल केंद्र सरकार आणि महाराष्ट्र व मध्य प्रदेश या राज्यांचे, आणि बाकीचे ४९ टक्के जुन्या कंपनीचे. १९७७ साली तो उरलेला हिस्साही सरकारने घेतला. पुढे २०१० साली तिचे काही भाग लोकांना विकले गेले. कोळशाच्या खाणी १९७३ साली राष्ट्राच्या झाल्या, आणि १९७५ साली नागपुरात मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफील्ड्स निघाली.

आता पाहा, कोळसा काढणाऱ्या माणसाला इथे घेणारा जवळजवळ एकच आहे. मग त्याची स्थिती बिडी वळणाऱ्या बाईसारखी का नाही? कारण तिथे समोर संघटना आहे. देशातील कोळसा कामगारांचा पगार एकत्र बसून ठरतो. पहिला राष्ट्रीय कोळसा वेतन करार १९७५ पासून लागू झाला. अकरावा २०२३ साली झाला आणि १ जुलै २०२१ पासून लागू धरला गेला. घेणारा एक, तसा विकणाराही एक झाला. खाणकामगार एकाच फाटकातून आत जातात, एकाच ठिकाणी भेटतात. म्हणून त्यांची एकजूट होते. बिडीवाली आपापल्या ओसरीवर एकटी असते. मालकाला घराचा कारखाना का आवडतो, याचे एक उत्तर यात आहे. पण खाणीतही एक दुसरी रांग आहे, कंत्राटी कामगारांची. त्यांना तो करार जसाच्या तसा लागत नाही. मधला माणूस तिथेही आला, फक्त त्याचे नाव सट्टेदार नसून कंत्राटदार आहे.

आणि मालक सरकारी असला म्हणजे सगळे ठीक, असेही समजू नये. कोळसा विकणारा एक असला म्हणजे काय होते, हेही आपल्या शेजारी घडले. कोराडी, खापरखेडा इथे वीज तयार करणाऱ्या महाराष्ट्र राज्य वीजनिर्मिती कंपनीने कोल इंडिया आणि तिच्या कंपन्यांविरुद्ध भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. कोळशाच्या पुरवठ्याच्या अटी एकतर्फी आहेत, मालाच्या प्रतीविषयी दाद लागत नाही, असा तिचा आशय. आयोगाने २०१३ साली १७७३ कोटी रुपयांचा दंड केला. अपिलात तो निकाल रद्द होऊन फेरविचार झाला आणि २०१७ साली दंड ५९१ कोटी ठरला. सरकारी कंपनीला हा कायदा लागूच नाही, असे कोल इंडियाचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने १५ जून २०२३ रोजी सांगितले, लागू आहे. बिडीवालीला जसे “ह्या छाटल्या” असे ऐकावे लागते, तसे वीज कंपनीला “हाच कोळसा, घ्यायचा तर घ्या” असे ऐकावे लागले. फरक इतकाच की वीज कंपनीजवळ वकील होते.

या सगळ्याचा गावाच्या आणि देशाच्या अर्थव्यवस्थेशी संबंध काय? तीन गोष्टी सांगतो. पहिली, मजुरीचा पैसा गावात फिरतो. बाईच्या हाती ३५ रुपये जास्त आले तर ते किराणा दुकानात जातात, शिंप्याकडे जातात, मुलाच्या वहीत जातात. तेच पैसे दूरच्या मालकाच्या नफ्यात गेले तर कन्हानच्या बाजाराला त्याचा उपयोग नाही. दुसरी, स्वस्त हात मिळत असतील तर मालक चांगली हत्यारे, चांगली रीत शोधायच्या भरीस पडत नाही. धंदा जिथल्या तिथे राहतो. तिसरी आणि सगळ्यांत मोठी: आईची मजुरी पुरत नाही तेव्हा मुलगी शाळेतून उठून सुपापाशी बसते. ती पुढे तेच काम करते, आणि त्या बाजारात आणखी एक विकणारा हात वाढतो.

तेंदूपत्त्याचेही थोडक्यात सांगतो. हा धंदा व्यापाऱ्यांच्या हातून काढून महाराष्ट्राने १९६९ च्या कायद्याने तो सरकारी नियंत्रणाखाली आणला. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर गडचिरोली-गोंदियाकडे काही ग्रामसभांनी आपले पान आपणच लिलावाने विकायला सुरुवात केली. एक घेणारा जाऊन बोली लावणारे अनेक आले. बैलबाजाराची तीच गोष्ट.

बिडी आरोग्याला घातक आहे, पिणाऱ्याला आणि वळणाऱ्यालाही. तिचा खप कमी व्हावा, हेच इष्ट. पण म्हणूनच वळणाऱ्या हातांना दुसरे काम मिळणे अधिक निकडीचे आहे. दुसरे काम न देता हे काम आटले, तर उरलेला सट्टेदार अधिकच एकटा आणि अधिकच बळकट होईल.

मग आपण काय करावे? बिडी कामगार भगिनींनी ओळखपत्र काढून घ्यावे, आणि रोज किती पान आले, किती बिड्या दिल्या, किती छाट निघाली, हे वहीत लिहून ठेवावे. एका गल्लीतल्या चार जणींनी आठवड्यातून एकदा आपल्या वह्या एकमेकींना वाचून दाखवाव्यात. छाट एकीचीच जास्त की सगळ्यांची, ते तेव्हाच कळते. शिक्षकांनी बिडी कामगारांच्या मुलांना मिळणाऱ्या शिष्यवृत्तीचे अर्ज वेळेवर भरून द्यावेत. शेतकऱ्यांनी हंगामातील मजुरी आदल्या दिवशी सांगावी आणि त्याच दिवशी चुकती करावी. आणि कोणी म्हणाले की मजुरी बाजार ठरवतो, तर एवढेच विचारावे: बरोबर आहे भाऊ, पण त्या बाजारात घेणारे किती?